ओलाव्याचा आकडा खरा की खोटा? पेरणीआधी सेन्सर तपासून घ्या

पेरणी उरकून ठिबक सुरू झाले की सेन्सरकडे बघायला कुणाला सवड नसते. म्हणून रान मोकळे आहे तोवरच ही कामे हातावेगळी करा.

आधी किल्ल्या, म्हणजे आकडे कुलूपबंद करणारे गुप्त संकेतांक. लोरावॅनवर, म्हणजे सेन्सरच्या कमी विजेच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओ जाळ्यावर, आकडे १२८ बिटी एईएस कूटलेखनात (गुप्त रूपात) जातात. कुलूप भक्कम आहे, पण सगळ्या सेन्सरना एकच किल्ली दिली असेल तर एक चोरीला गेला की सगळे शिवार उघडे पडते. प्रत्येकाची किल्ली वेगळी हवी. जोडणी 'ओटीएए' (सेन्सर हवेतून नेटवर्कशी बोलून जोडला जातो) पद्धतीने करा, म्हणजे दर जोडणीला नवी सत्र-किल्ली, त्या जोडणीपुरती किल्ली, तयार होते. बॅटरी बदलल्यावर आकडे येईनात म्हणून काही जण 'फ्रेम काउंटर'ची (संदेशांच्या चढत्या क्रमांकाची) तपासणी बंद करून टाकतात. तसे करू नका. मग कालचा संदेश पकडून आज पुन्हा पाठवता येतो: संदेश अस्सल, किल्ली बरोबर, आकडा मात्र शिळा. सुकलेल्या रानात वाफसा दाखवायला एवढे पुरते. गेटवेचा (सेन्सरचे संदेश झेलून सर्व्हरकडे पाठवणाऱ्या यंत्राचा) मूळ पासवर्ड अजून तसाच असेल तर तो आजच बदला.

कूटलेखन हवेतला संदेश राखते, मातीतला सेन्सर नाही. कुणी तो उपसून ठेवला किंवा त्याच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतले, तर खोटा आकडाही रीतसर कुलूपबंद होऊनच येतो. म्हणून एका पट्ट्यात सारख्याच खोलीवर किमान तीन सेन्सर बसवा आणि सरासरीऐवजी मधला आकडा धरा. समजा ओलावा २२, २४ आणि २ टक्के आला. सरासरी १६. पाणी १८ च्या खाली सोडायचे ठरले असेल तर व्हॉल्व्ह उघडेल. मधला आकडा २२, व्हॉल्व्ह बंदच.

पाऊस नाही, पाणी दिले नाही, तरी ओल चढली. वरच्या थराचे तापमान दिवसरात्र सरळ रेषेत. कालचा आलेख दशांशासकट आजही तोच. असे दिसले की पाण्याच्या मीटरशी ताळा करा, आणि सेन्सरजवळची माती उकरून मुठीत दाबून बघा. दर वेळी चोरच असतो असे नाही, सैल वायरही असेच खेळ करते.

व्हॉल्व्ह एका वेळी जास्तीत जास्त किती मिनिटे उघडा राहील, ती मर्यादा सर्व्हरवर न ठेवता शेतातल्या कंट्रोलरमध्येच टाका, म्हणजे खोटा आकडा आला तरी पाणी वाहतच राहणार नाही. खताच्या पंपाला त्याहून तोकडी ठेवा.