जुन्या दप्तरात भाऊबंद शोधताना या चुका टाळा

पणजोबांचा धाकटा भाऊ गाव सोडून गेला आणि पुढे त्याचा पत्ताच लागला नाही. अशी तुटलेली शाखा शोधायला निघालेले बहुतेकजण आडनाव धरून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. शंभर वर्षांपूर्वीच्या महसुली कागदात आडनाव बरेचदा नसतंच; ‘धोंडी बिन राणू’, म्हणजे राणूचा मुलगा धोंडी, एवढीच ओळख असते. शिवाय पाटील, कुलकर्णी, देशमुख हे मुळात हुद्दे. एक भाऊ पाटील लावतो, मुंबईला गेलेला दुसरा गावाच्या नावाला ‘कर’ जोडतो आणि दोन पिढ्यांत सख्खे चुलते कागदावर परके होतात. म्हणून गाव धरा आणि बाप-लेकाच्या नावांची जोडी धरा.

गाव धरतानाही बुद्रुक की खुर्द, तालुका कोणता, हे आधी पक्कं करा. वडगावं काही एक-दोन नाहीत. जिल्हेही बदललेत. सिंधुदुर्गातल्या गावाचा 1981 पूर्वीचा कागद रत्नागिरी जिल्ह्याच्या नावाने असतो, जालन्याचा बहुधा तेव्हाच्या औरंगाबादच्या. लातूर 1982 पर्यंत उस्मानाबादेत होतं, पालघर 2014 पर्यंत ठाण्यात.

आजचा सातबारा पाहून थांबू नका

संगणकावरचा चालू सातबारा काढायचा आणि ‘आपलं नाव नाही’ म्हणून विषय संपवायचा, ही सर्वांत महागडी चूक. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करून हस्तलिखित सातबारा मिळवा. त्यात कमी झालेली नावं कंसात असतात आणि शेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक. तो घेऊन गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही मागा. खरी माहिती तिथे आहे. जुना सर्व्हे नंबर आजच्या गट नंबराशी जुळत नसेल, तर मधे तुकड्यांचं एकत्रीकरण होऊन नवे गट पडलेले असतात. त्या योजनेच्या पत्रकात दोन्ही नंबर शेजारी-शेजारी सापडतात.

वारसाची नोंद साधारण अशी दिसते: ‘मयत धोंडी बिन राणू, वारस 1) मुलगा सखाराम 2) मुलगी पारू कोम गणू, रा. वडगाव खु.’ यातलं ‘कोम’ म्हणजे जात समजून लोक पुढे जातात. कोम म्हणजे बायको: पारू ही गणूची बायको. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवरा. एका ओळीत पारूचा नवरा आणि सासरचं गाव दोन्ही मिळालं.

‘ए.कु.मॅ.’ हे शेपूटही दुर्लक्षू नका. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचं एकट्याचं नाव लागलेलं असतं आणि धाकटे त्याच्या आड लपलेले असतात. कागदावर दिसला नाही म्हणून भाऊ नव्हताच, असं धरू नका. ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) असेल तर वारस तेव्हा अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता आणि पालनकर्ता म्हणून नाव लागलेला माणूस बहुधा मामा किंवा चुलता असतो. तोही एक धागाच.

मुलाकडून वाट बंद झाली की बहिणीकडून शोधा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत मुलींची नावं जास्त सापडतात. त्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर त्यात सासरचं नाव, वय आणि राहण्याचं ठिकाण असतं. ज्या कागदाने तिचा हिस्सा गेला, तोच तिचा पत्ता सांगतो.

जन्म, मृत्यू आणि तारखा

कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत (गाव नमुना 14), घटना जिथे घडली तिथली नोंद असते. पहिलं बाळंतपण माहेरी होत असल्याने थोरल्या मुलाचा जन्म वडिलांच्या गावात सहसा सापडत नाही. आईचं माहेर शोधा, नोंद तिथे मिळेल. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 1 जून ही जन्मतारीख दिसली तर ती बहुधा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. त्याच ओळीतला ‘पूर्वीची शाळा’ हा रकाना जास्त कामाचा.

शकाच्या वर्षात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण माघ-फाल्गुनात 79 मिळवावे लागतात: शके 1843 चा माघ म्हणजे 1922. मराठवाड्यातल्या फसली सनात, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षात, 590 मिळवा. पौष डिसेंबर-जानेवारीत येतो, त्यामुळे त्यात आणि वर्षाच्या शेवटी एका वर्षाची चूक सर्रास होते.

मोडीतली नोंद वाचून घ्यायची असेल तर फक्त आपल्या ओळीचा फोटो नेऊ नका. पूर्ण पान, रकान्यांची शीर्षकं, पानाचा क्रमांक आणि वहीचं मुखपृष्ठ, सगळं घ्या. वाचणाऱ्याला त्या हाताचं वळण ओळखायला शेजारच्या ओळी लागतात.

त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांकडे जाताना मूळ गाव आणि तीन-चार पिढ्यांची नावं लिहून न्या. त्यांच्या नामावळीत, म्हणजे यात्रेकरूंच्या नोंदींच्या वहीत, वंशापेक्षा नोंद करणारा तेव्हा कुठे राहत होता, तेवढं आधी टिपा. गाव सोडलेल्या शाखेचा नवा मुक्काम तिथेच कळतो.

शेवटी माणूस सापडला की पहिल्याच फोनवर सातबाऱ्याचा विषय काढू नका. जमिनीचा शब्द ऐकला की समोरचा गप्प होतो. आधी सामाईक पणजोबांचं नाव आणि गाव लिहून पाठवा. कागद, उतारे, दाखले मागणं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीवर ठेवा.