चाचणी-उड्डाणाआधी: स्नॅग टिपायची तयारी

आदल्या संध्याकाळीच स्नॅगची, म्हणजे विमानात आढळलेल्या दोषांची, वही उघडून बसा. कुठली नोंद बंद झाली, कुठली पुढे ढकलली आणि मुख्य म्हणजे विमानातलं काय सध्या जोडलेलंच नाही, हे वैमानिकाने स्वतः वाचून सही करायला हवी. जे जोडलेलं नाही त्याच्या स्विचवर तशी चिठ्ठी चिकटवा. या एका गोष्टीसाठी मी हट्ट धरतो, कारण 19 जानेवारी 1995 ला कॅलिफोर्नियात एक्स-31 हे प्रायोगिक विमान यातूनच कोसळलं. वेग मोजणाऱ्या पिटो नळीत बर्फ साचला आणि उड्डाण-संगणकाला चुकीचा वेग मिळू लागला. वैमानिकाने नळी तापवायचा स्विच लावला होता, पण बदलून बसवलेल्या नळीला तापवण्याची सोयच नव्हती. खाली नियंत्रण कक्षात काहींना ते ठाऊक होतं. वैमानिकाच्या कानावर ते पडलं तेव्हा फार उशीर झाला होता. विमान ताब्याबाहेर गेलं; तो उडी घेऊन वाचला, याचं मला आजही हायसं वाटतं.

म्हणून ब्रीफिंगमध्येच ठरवा: वैमानिकाशी बोलणारा आवाज एकच, पण शंका आली तर 'थांबवा' म्हणायची मुभा कक्षातल्या प्रत्येकाला. सोबत चेज विमान (शेजारून उडत लक्ष ठेवणारं) असेल तर त्याला सगळं बोलणं ऐकू येतंय ना, हे जमिनीवरच तपासा. टेलिमेट्री (विमानातून जमिनीवर येणारी मोजमापं), कॅमेरा आणि मनगटावरचं घड्याळ सेकंदाला जुळवून घ्या.

मांडीवरच्या नीबोर्डला पेन्सिल दोरीने बांधा, दुसरी खिशात ठेवा. चाचणीच्या कार्डावर वेळ, उंची, वेग, इंधन, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) आणि गिअर (चाकं) यांचे रकाने आधीच आखलेले असू द्या. छोट्या दोन आसनी विमानाबद्दल 'डावीकडे ओढतं' एवढंच लिहिलं तर मेकॅनिकने काय करावं? '10:42, 6000 फूट, 90 नॉट्स, फ्लॅप्स वर, बॉल मध्यावर. स्टिक सोडली की 5 सेकंदांत डावा पंख 10 अंश खाली' असं लिहिलं की त्याला हात कुठे घालायचा ते कळतं. (बॉल म्हणजे विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी गोळी.) निदान लिहू नका. 'पंप गेला' असं न लिहिता दाबाचा काटा किती होता आणि तुम्ही काय केल्यावर तो हलला, ते लिहा. विमान हाताळायला किती सोपं किंवा अवघड ते सांगणाऱ्या कूपर-हार्पर मोजपट्टीवर 1 ते 10 मधला आकडा दिलात तर शेजारी कारणाची एक ओळ हवीच.

उतरल्यावर चहाच्या आधी डीब्रीफिंग, म्हणजे उड्डाणात काय घडलं त्याची उजळणी. आधी वैमानिकाला त्याच्या शब्दांत बोलू द्या, टेलिमेट्रीचे आलेख नंतर उघडा. आलेख बघितला की माणसाची आठवण त्याच्याकडे झुकते. जमिनीवर दोष पुन्हा दिसला नाही, तर 'तपासलं, ठीक' म्हणून नोंद बंद करू नका. काय तपासलं, कुणी तपासलं ते लिहा, नोंद उघडी ठेवा आणि उद्याच्या कार्डावर पहिल्या ओळीत तीच लिहा.