जिताडा लागतो पण सुटतो: माझा उपाय

रेवदंड्याच्या खाडीत जिवंत कोळंबीवर जिताडा मासा चांगला लागतो. पण पाण्याबाहेर उसळून त्याने डोकं झटकलं की गळ तरी निसटायचा, नाहीतर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तरी तुटायचा. तुटलेलं टोक बोटांत धरून पाहिलं, तर खरखरीत, घासलेलं! जिताड्याच्या कल्ल्यांवरच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते, ती तंगूस कापते. म्हणून आता गळाजवळचा हातभर भाग 40 पाउंड ताण झेलणाऱ्या जाड तंगुसाचा बांधतो.

गळही बदलला. टोक आत वळलेला सर्कल हूक लावतो. याला झटका द्यायचा नाही. मासा आमिष घेऊन वळला की नुसतं रीळ फिरवत दोरी ताणायची, गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. सहसा पोटात जात नाही, त्यामुळे पिल्लू लागलंच तर धडधाकट परत सोडता येतं. आणि ते सोडायलाच हवं.

मासा उसळला की काठीचं टोक पाण्याकडे झुकवा, दोरी मात्र ढिली पडू देऊ नका. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, जरा सैल असू द्या. काठाशी आल्यावर तो पुन्हा एकदा जोरात पळतो, पळू द्या. दमला की झोळी आधीच पाण्यात धरून डोक्याकडून आत घ्यायचा.