बंदरात अचानक हवाई हल्ला झाला तर

नव्या खलाशांना मी पहिलं हेच सांगतो: भोंगा वाजला की विमानं बघायला डेकवर धावू नका, आपल्या ठाण्यावर जा. जाताना वाटेतलं प्रत्येक जलरोधक दार लावा, सगळे खटके आवळा. एक जरी सैल राहिला तरी पाणी तिथूनच शिरतं.

तोफेवाल्यांनो, दारूगोळ्याच्या पेटीची किल्ली शोधत बसू नका. कुलूप फोडा.

पण जीव लावून शिकायचं ते जहाज सरळ ठेवणं. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बर बंदरात जपानी हल्ल्यात ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या अमेरिकी युद्धनौकेच्या डाव्या अंगाला एकामागून एक टॉर्पेडो लागले. ती कलायला लागताच उजवीकडच्या कप्प्यांत मुद्दाम पाणी सोडलं, म्हणून ती सरळ तळाला टेकली. तिच्या पुढेच उभी असलेली ‘ओक्लाहोमा’ मात्र काही मिनिटांत पालथी झाली. ४२९ जण गेले. म्हणून कोणता कप्पा कुठे, त्याची झडप कोणती, हे अंधारात चाचपून ओळखता आलं पाहिजे. मी डोळ्यांवर पट्टी बांधूनच सराव घेतो. झडप उघडायची ती मात्र हुकूम आल्यावरच.

जहाज हलवता आलं आणि ते बुडेल असं वाटलं, तर बंदराच्या तोंडाशी अडकू देऊ नका. त्याच हल्ल्यात ‘नेवाडा’ ही युद्धनौका तिच्या खलाशांनी किनाऱ्याला रुतवली, वाट मोकळी राहिली.