'मूलभूत' या एका शब्दानं माझं वर्ष खाल्लं

एमपीएससीसाठी राज्यघटना करताय म्हणजे घटना समिती, सरनामा, कुठल्या देशाकडनं काय घेतलं हे सगळं तुमचं झालेलं असणार, ते मी उगाळत नाही. मी आटपाडीचा, सांगलीत विश्रामबागला रूम घेऊन दोन वर्षं एमपीएससी केली आणि पहिल्या पूर्वपरीक्षेत थोडक्यात हुकलो. आन्सर की बघितली तर पॉलिटीचे, म्हणजे राज्यघटनेचे, तीन प्रश्न चुकलेले आणि तिन्हीच्या मुळाशी एकच घोळ. पॉलिटी हा माझा हक्काचा विषय, हे रूमवर सगळ्यांना सांगून झालेलं, त्यामुळं जास्त लागलं.

घोळ काय, तर मी मूलभूत हक्क आणि मूलभूत संरचना, म्हणजे घटना ज्यावर उभी आहे तो सांगाडा, एकच धरून बसलेलो. दोन्हीकडं 'मूलभूत' आहे ना. टेलिग्रामवरनं उतरवलेल्या एका पीडीएफमध्ये एका ओळीत होतं, केशवानंद भारती खटला म्हणजे मूलभूत हक्कांना हात लावता येत नाही. मी ते तसंच पाठ मारलं. साफ चूक आहे ते. ते सुप्रीम कोर्टानं गोलकनाथ खटल्यात म्हणलं होतं, १९६७ ला, ११ न्यायाधीश, ६ विरुद्ध ५. त्याच्याआधी १९५१ च्या शंकरीप्रसाद खटल्यात कोर्ट उलटं म्हणालेलं, की मूलभूत हक्कांवर घाला घालणारा 'कायदा' रद्द, असं कलम १३ म्हणतं, पण घटनादुरुस्ती हा काय त्यातला 'कायदा' नव्हे, त्यामुळं हक्कसुद्धा बदलता येतात. मग गोलकनाथला उत्तर म्हणून संसदेनं १९७१ ला हक्कसुद्धा बदलता येतात असं सांगणारी २४ वी घटनादुरुस्ती आणली, आणि २४ एप्रिल १९७३ ला केशवानंदचा निकाल आला, १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६. त्यात गोलकनाथ उलटवला. संसद कुठलंही कलम बदलू शकते, मूलभूत हक्कांचंसुद्धा, फक्त घटनेची मूलभूत संरचना मोडायची नाही.

परत सांगतो, कारण मी इथंच मेलो. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्क होता की नाही? होता. ४४ व्या घटनादुरुस्तीनं १९७८ ला तो त्या यादीतनंच काढला. म्हणजे अख्खा मूलभूत हक्क गेला आणि घटना उभी आहे. उलट संघराज्य पद्धत घ्या, तो कुणाचा मूलभूत हक्क नाही, पण मूलभूत संरचनेत येते.

हे डोक्यात शिरलं ते क्लासमध्ये नाही. आमच्या घरमालक काकांनी खालचं दुकान मोठं करायला काढलेलं, गवंडी मामा हातोडीनं भिंत ठोकत फिरत होते. मी म्हणलं, मामा, कॉलम कुठं कुठं आहेत त्याचा नकाशा हाय का? मामा म्हणाले, "नकाशा कुठला आलाय, जिथं पाडायचं तिथं ठोकून बघायचं." मूलभूत संरचनेचं अगदी तसंच आहे. घटनेत कुठंही तिची यादी नाही, घटनादुरुस्तीच्या कलम ३६८ मध्ये पण नाही. प्रकरण समोर आलं की कोर्ट ठरवतं. आणि १९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात तर कोर्ट म्हणालं की दुरुस्तीचा अधिकार मर्यादित असणं हाच मूलभूत संरचनेचा भाग आहे, म्हणजे संसद तो वापरून स्वतःला अमर्याद करून घेऊ शकत नाही. घटनेनं चालणारं सरकार म्हणजे नेमकं काय, हे मला त्या निकालातनं कळलं. नुसती घटना तर हुकूमशहाकडं पण असते, तिनं त्याचा हात अडतो का ते बघायचं.

गंमत म्हणजे आमची आटपाडी औंध संस्थानातली. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ ला स्वतःची सत्ता गावपंचायतींकडं सोपवणारी घटना केली, म्हणजे स्वतःचाच हात अडवून घेतला, त्यात गांधीजींचा सल्ला होता. औंधचं म्युझियम मी तीनदा बघितलंय, चित्रं बघून आलो, पण या घटनेचं कुणी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही.

शॉर्टकटबद्दल विचारू नका, मी चिडतो. ट्रिकनं कलमांचे नंबर लक्षात राहतील, पण 'खालीलपैकी अयोग्य विधान ओळखा' आलं की ट्रिक पळून जाते. मेंटॉरशिपला पैसे भरून रोज 'आज किती तास झाले' एवढंच विचारणारा माणूस मिळतो, ते तर माझी आई फुकटात विचारत होती. त्यापेक्षा दोन पोरं धरा आणि चहाच्या गाड्यावर भांडा. माझा हा घोळ जतच्या रूममेटनं चहा पिता पिता सोडवला, पण परीक्षेनंतर.

घाबरू नका पण, विषय अवघड नाही, पुढच्या वेळी असल्याच प्रश्नांचे मार्क मला मिळाले. खटल्यांची नावं उलटीसुलटी झाली तरी चालतंय, प्रत्येक खटल्यात कुणी कुणाचा हात धरला तेवढं वहीत लिहा. आणि मूळ घटनेचं मराठी पुस्तक उघडा, नोट्स नंतर. सुरुवात कलम ३००क पासनं करा, मालमत्तेचा हक्क तिथं जाऊन बसलाय, एका वाक्याचं कलम आहे.