गोल्डनरॉड कशाला, परसात घागरीचं झाड लावा

हल्ली परदेशातल्या बागांचे व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात, फुलपाखरांसाठी गोल्डनरॉड कुठे मिळेल? झाड चांगलंच आहे हो, पण ते उत्तर अमेरिकेचं. तिकडची मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोला जाताना वाटेत त्याचा मध पितात, तिकडच्यांनी ते लावायलाच हवं. चीनमध्ये मात्र तेच बाहेरून नेलेलं झाड आता रान माजल्यासारखं पसरलंय. आपल्याकडे पिवळ्या फुलांची आपली घागरी आहे की! आमच्याकडे गोव्यात चवथीला माटोळीत (गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं टांगायची लाकडी चौकट) जिचे घोस बांधतात तीच. सुकलेली शेंग हलवली की आत बिया वाजतात म्हणून घाटावर खुळखुळा म्हणतात.

बी विकत आणू नका. पाऊस सरल्यावर रस्त्याकडेला, किनाऱ्याजवळच्या रेतीत झाडं दिसतील, काळ्या पडलेल्या चार शेंगा घ्या, बाकीच्या तिथेच राहूदेत. पानाचं टोक किंचित आत गेलेलं आणि फुलाच्या पाठीवर लालसर जांभळ्या रेघा, ही खूण.

बीची साल भयंकर टणक असते, तशीच पेरली तर महिनाभर हूं की चूं नाही. गरम पाण्यात रात्रभर भिजत घाला (उकळतं नको), सकाळी फुगलेल्या तेवढ्या पेरा आणि न फुगलेल्या सँडपेपरवर एकदा घासून परत भिजवा. मी चवथ आटोपली की पेरते, कारण जूनमध्ये पेरलेली माझी सगळी रोपं पहिल्याच धो धो पावसात कुजली होती. जूनमध्येच पेरायची तर मातीचा उंच गादीवाफा करा. बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी खोल, दोन रोपांत दीड फूट, आणि ऊन भरपूर. तांबड्या चिऱ्याच्या मातीत मजेत वाढते, युरिया अजिबात नको, शेंगवर्गातली असल्यामुळे मुळांच्या गाठीच नायट्रोजन धरतात. फूटभर झाली की शेंडा खुडा, फांद्या जास्त फुटतात.

गुरं-शेळ्या येतात तिथे मात्र लावू नका! पानं, बिया विषारी आहेत, लिव्हरवर जातं, लहान मुलांनाही बिया खेळायला देऊ नका.

फुलं आली की सकाळी शेजारी उभे राहून बघाच. काळा भुंगा येतो, त्याच्या वजनाने खालची पाकळी दबते आणि तिच्या टोकातून ट्यूब दाबल्यासारखा परागकण बाहेर येऊन त्याच्या पोटाला लागतो. शेंगांत अळ्या दिसल्या तर फवारणी करू नका, त्यातूनच पी ब्लू नावाची छोटी निळी फुलपाखरं होतात.

पण खरी गर्दी होते ती सुकलेल्या काडीवर. ब्लू टायगर, कॉमन क्रो ही मोनार्कचीच भावंडं, त्यांचे नर मोडक्या, वाळत आलेल्या पानांना चिकटून पायांनी खरवडतात आणि सोंडेने रस ओढतात, त्या विषातूनच त्यांचा मादीला रिझवायचा वास तयार होतो. इतके गुंग असतात की अगदी जवळ गेलं तरी उडत नाहीत. म्हणून वाऱ्याने फांदी मोडली तर बाग साफ करायच्या नादात उपटून टाकू नका, तशीच लोंबकळू द्या.