मर्ज कॉन्फ्लिक्ट: दोन बाजू दिसतात, तिसरी मागून घ्या

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल. त्यात दोघांचे बदल एकत्र करणं म्हणजे मर्ज, आणि ते बदल एकमेकांना आडवे आले की मर्ज कॉन्फ्लिक्ट. टीममध्ये नवीन रुजू झालेल्यांना पहिला असा कॉन्फ्लिक्ट आला की मला दोन प्रकार हमखास दिसतात. कुणी अख्खं फोल्डर उडवून रेपो (प्रोजेक्टचा कोड आणि त्याचा इतिहास) नव्याने क्लोन करतं, म्हणजे पुन्हा उतरवून घेतं, तर कुणी एडिटरमधलं ‘ॲक्सेप्ट बोथ’ (दोन्ही बाजू ठेवा) दाबून मोकळं होतं. पहिल्यात फक्त वेळ जातो. दुसरा प्रकार थेट प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरतात त्या चालू सिस्टीमला, जाऊन त्रास देतो.

मर्ज करताना गिट तीन गोष्टी ताडून बघतं: तुमची फाइल, समोरच्याची फाइल आणि दोघांचे रस्ते फुटले तेव्हाची मूळ फाइल. एकाच बाजूने बदल असेल तर तो मुकाट्याने घेतला जातो. दोघांनी त्याच किंवा अगदी लगतच्या ओळींना हात लावला असेल, तर गिट थांबतं आणि फाइलमध्ये खुणा टाकतं. खोच अशी की निर्णयासाठी तीन फाइली वापरून तुम्हाला मात्र दोनच बाजू दाखवतं (वरची ‘हेड’ म्हणजे तुमची, खालची समोरच्याची):

<<<<<<< हेड
फी = 500
सूट = 10
=======
फी = 600
>>>>>>> नवी-फी

सांगा बघू, सूट तुम्ही आणली की समोरच्याने काढली? यावरून कळतच नाही. मूळ फाइलमध्ये नुसतं ‘फी = 500’ असेल, तर सूट तुमची नवी भर आहे; 600 फी घ्या आणि सूटही ठेवा. पण मुळात ‘फी = 450, सूट = 10’ असं असेल, तर तुम्ही फक्त फी बदललीत आणि समोरच्याने सूट काढून टाकली. तिथे ‘ॲक्सेप्ट बोथ’ केलंत की बंद केलेली सूट पुन्हा चालू! आणि प्रोग्राम एका शब्दाने तक्रार करत नाही.

म्हणून नवीन लॅपटॉप हातात आला की गिटच्या कॉन्फिगमध्ये ‘मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल’ला ‘डिफ3’ द्या. मग ||||||| या खुणेखाली मूळ ओळीही दिसतात. जानेवारी 2022 मध्ये आलेल्या गिट 2.35 पासून ‘झेडडिफ3’ही आहे; त्यात दोन्ही बाजूंच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या सारख्या ओळी कॉन्फ्लिक्टच्या बाहेर काढल्या जातात. मी तोच वापरतो.

जुना प्रोजेक्ट वाट्याला आला आणि तिथे सबव्हर्जन (गिटसारखंच दुसरं टूल) असलं, तर कॉन्फ्लिक्ट पुढे ढकलल्यावर फाइलशेजारी आणखी तीन फाइली उगवतात: एक ‘.माइन’ (तुमची), बाकीच्या दोन रिव्हिजन नंबरच्या. घाबरू नका, कमी नंबरची असते तीच मूळ.

रीबेसमध्ये मात्र डोकं शाबूत ठेवा. तिथे तुमचे कमिट (नोंदवलेले बदल) समोरच्या ब्रँचवर (कामाच्या वेगळ्या शाखेवर) एकेक करून पुन्हा लावले जातात, त्यामुळे ‘अवर्स’ म्हणजे समोरची ब्रँच आणि ‘देअर्स’ म्हणजे तुमचंच काम. मुरलेले लोकही इथे चुकतात. गोंधळ उडाला तर सगळं रद्द करायला ‘--अबॉर्ट’ आहेच. मर्ज असो वा रीबेस, सुरू करण्याआधी सगळं कमिट केलेलं असलं की बिनधास्त मागे फिरता येतं.

खुणा काढून झाल्या की ‘गिट डिफ --चेक’ चालवा, राहिलेली खूण ते पकडतं. मात्र तुम्ही एका फाइलमध्ये फंक्शनचं नाव बदललंत आणि सहकाऱ्याने दुसऱ्या फाइलमध्ये जुन्याच नावाने ते नव्याने वापरलं, तर कॉन्फ्लिक्टच येत नाही. ते सापडतं बिल्ड आणि टेस्ट चालवल्यावरच, तेव्हा पुश (बदल सगळ्यांच्या रेपोत पाठवणं) त्यानंतर करा.